दाजीबांचा कोळशाचा चर

पेन्शनीत आल्यावर दाजीबा ओव्हरसियरांनी पहिलं काम केलं, ते म्हणजे स्वतःच्या कुंपणभिंतीतली दर तिसरी वीट काढून टाकली.

कारण विचारलं तर म्हणाले, "भिंतीनं वारा अडवला का वारा भिंतीले पाडते. त्याले वाट द्यावं."

वारा आलाच, त्याच्यामागून शेजाऱ्यांच्या कोंबड्याही आल्या. त्या दाजीबांच्या अंगणात अंडी घालत, आणि दाजीबा, पक्के माळकरी, ती अंडी टोपलीत घालून घरोघर मालक शोधत फिरत. एकेका अंड्याला तीन-तीन मालक निघत.

जाम गावाजवळच्या आमच्या त्या खेड्यात त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकं हसंही कुणाचं होत नव्हतं. सारी नोकरी बांध-बंधाऱ्यांवर गेली आणि तिच्यातून त्यांनी एकच सिद्धांत घरी आणला: "अडवू नका, गाळा." नाल्यात ते चुन्यावाचून नुसते दगड रचत. पाणी फटींतून निघून जाई, माती मागे राही. हे त्यांना इतकं पटलं होतं, की चहा ते तीनदा गाळत, आणि बातमीही. कुणी काही सांगू लागलं की हात वर करून म्हणत, "थांबा जी. याच्यात तुमचा गाळ किती अन् खरं किती?" त्यामुळे बातमी घेऊन त्यांच्याकडे फारसं कुणी जात नसे. खरं तर तसंही कुणी जात नसे. बायकोला जाऊन बारा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी जबलपूरला दिली होती.

त्यांच्या घराला लागून तुळशीराम रंगाऱ्याचं घर. अंगणात रंगाच्या कढया; उरलेलं रंगीत पाणी तिथंच जमिनीत मुरे. तिथून उताराला मी शिकवत होतो ती शाळा आणि शाळेची विहीर. जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात या विहिरीचं पाणी गुलाबी झालं. मुलांनी आधी ते सरबत म्हणून कौतुकानं प्यायलं. पण हेडमास्तर गुलाबी धोतर नेसून शाळेत आले, तेव्हा प्रश्नाला गांभीर्य आलं.

पंचायत बसली. सरपंच म्हणाले, "अक्षय्यतृतीयेपर्यंत पाणी साफ नाई झालं, तर तुळशीरामनं कढया उचलावं अन् गाव सोडावं."

तुळशीराम मान खाली घालून बसला होता. म्हातारी आई, चार लेकरं आणि त्या कढया घेऊन जायचं कुठं, हे त्याला कुणी विचारलं नाही. कुणी तरी सुचवलं, जमिनीत मध्ये पक्की भिंतच घाला. दाजीबा ताडकन उठले.

"भिंत घालसान तर पाणी वळसा घालून येईन, अन् येता येता आणखी दोन विहिरी रंगवीन! आडवा चर खणा, खालचा खडक लागेपर्यंत. त्यात रेती भरा, कोळसा भरा, लोखंडाचा कीस भरा. पाणी जाऊ द्या, रंग ठेवा."

"अन् रंग काऊन थांबन जी?" सरपंचांनी विचारलं. "त्याले काय तुमी नोटीस देसान?"

सभा पोट धरून हसली. पण तुळशीरामनं गंजक्या पिंपात टाकून दिलेलं लाल पाणी चार दिवसांत फिकं पडल्याचं दाजीबांनी पाहून ठेवलं होतं. "लोखंड रंग खाते," ते शांतपणे म्हणाले. "उरलेला कोळसा खाते. तुमी फक्त जेवण वाढा."

चर खणला तुळशीरामनं आणि दाजीबांनी. साठी उलटलेला माणूस छातीभर खड्ड्यात उभा राहून मुरूम उपसत होता. कीस लोहारानं दिला. कोळसा मात्र घरोघरून यायचा होता, आणि नेमका भरायच्या दिवशी दाजीबांना ताप भरला. आमच्या गावाला सार्वजनिक कामाला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि कोळसा द्यायची इच्छाही नव्हती. घराघरातून चुलीतली राख आली. टोपलीत वर दोन-दोन कोळसे, देवाला फूल वाहावं तसे. सगळं चरात ओतून लोक समाधानानं घरी गेले.

पंधरवड्यानं पाणी गुलाबी होतंच, वर बुळबुळीतही झालं. राखेचा सगळा खार विहिरीत उतरला होता. कपडे मात्र त्यात झकास निघत. हेडमास्तरांचं धोतर पुन्हा पांढऱ्यावर येऊ लागलं.

"दाजीबा," सरपंच म्हणाले, "रंग गाळता गाळता साबण करून राह्यले का?"

दाजीबांनी सगळा चर पुन्हा उपसला, बाभळीची लाकडं आणून परसात स्वतः कोळसा पाडला, आणि विहीरही उपसायला लावली. मुदतीला दीड महिना राहिला होता. सुटीच्या दिवशी मी कोळसा कुटायला जाऊ लागलो. एकदा न राहवून म्हणालो, "दाजीबा, तुमची विहीर वरच्या अंगाला. तिला कधी रंग आला नाही. मग एवढा जीव का आटवता?"

"शास्त्र आहे गुरुजी, शास्त्र."

त्यांनी पुढचा कोळसा दगडाखाली घेतला. मग मान वर न करता म्हणाले, "तुळशीरामची माय आहे ना, सखूबाई. सकाळी उठली का अंगणातून आवाज देते, 'ओवरशेर, जिते आहा का?' मी म्हणतो, 'आहो जी, अजून आहो.' बस, एवढंच. मग ती आपल्या कामाले, मी आपल्या." हातातला दगड थांबला. "हे लोक गेले तर मले कोन विचारन?"

अक्षय्यतृतीयेला सरपंचांनी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं. चारही बाजूंनी पाहिलं. रंग नव्हता. दाजीबांना कुणी शाबासकी दिली नाही. आपण कोळसा दिला होता, हे मात्र प्रत्येकानं दुसऱ्याला सांगितलं. तुळशीराम गावात राहिला.

त्यानंतरचे दोन उन्हाळे दाजीबांनी चरातला कोळसा बदलला. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी सखूबाईनं आवाज दिला आणि उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं मुलाला उठवलं.

मी पोचलो तेव्हा तुळशीराम दाजीबांच्या पायाशी बसला होता, हात कोपरापर्यंत निळे. अंग अजून कोमट होतं. जबलपूरला तार करायला कुणी तरी निघालं. सखूबाई उंबऱ्याशी उभी होती. ती रडली नाही. रागावल्यासारखी एवढंच म्हणाली,

"सांगून तं जायचं, ओवरशेर."