आवाज मालूकाकूंचा

आमच्या समोरच्या मालूकाकू रोज टीव्ही बघतात, पण आवाज बंद करून. संवाद त्या स्वतः म्हणतात.

शनिवार पेठेत आमची दारं समोरासमोर. पहिल्यांदा त्यांच्याकडे संध्याकाळची गेले, तेव्हा पडद्यावर नथ घातलेली एक बाई डोळे वटारून दुधात काहीतरी मिसळत होती.

"अहो काकू, विष घालतेय ती!"

"वेलदोड्याची पूड आहे. सासऱ्यांना झोप लागत नाही." काकूंची नजर पडद्यावरून हलली नाही. "ऑफिसात जाऊन जाऊन तुला सगळीकडे विषच दिसतं."

सासरे छाती धरून कोसळले.

"बघ, लागली झोप," काकू म्हणाल्या.

बातम्यांचंही तेच. चौकटीतले चार-पाच जण एकमेकांवर खेकसत असतात. काकूंच्या मते वाद मटकीच्या उसळीत गूळ घालावा की नाही, याचा असतो. "तो दाढीवाला गुळाच्या बाजूचा. माणूस चांगला आहे."

"एकदा खरं काय बोलतात ते ऐका तरी," मी म्हटलं.

"ऐकलंय. हे गेल्यावर वर्षभर दुसरं काय केलं? दाराला दोन-दोन कड्या लावायला लागले, दूधवाल्याचाही संशय यायला लागला. मग एक दिवस आवाज बंद केला. माणसं तीच, पण बरी वाटायला लागली."

गेल्या श्रावणात एकदा अशाच बसलो होतो. मालिकेतली सून बॅग घेऊन घर सोडून निघाली. मी काकूंच्या वाक्याची वाट बघत होते. सून उंबरा ओलांडून गेली, तरी काकू गप्पच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांची सून अश्विनी अशीच गेली होती. काकू तिला काहीतरी लागेल असं बोलल्या होत्या, आणि ती नवऱ्याला घेऊन हडपसरला राहायला गेली. मुलगा फोन करायचा, ती नाही.

ती शांतता मला सोसवेना. मीच सुनेचं वाक्य म्हटलं, "आई, चिडले होते मी. पण तुम्ही थांब म्हणाला असतात, तर थांबले असते."

काकूंनी टीव्ही बंद केला. रिमोट खाली ठेवत म्हणाल्या, "हडपसरची बस कुठून मिळते गं?"

रविवारी मी सोबत गेले. बसमध्ये काकूंची तालीम चालली होती. "मी म्हणेन, सहज आले होते इकडे. ती म्हणेल, इतक्या लांब सहज कोण येतं? मग मी म्हणेन, पुढे मांजरी गावात काम होतं."

"मांजरीला तुमचं काय काम?"

"तीही हेच विचारेल. राहू दे."

दार अश्विनीनेच उघडलं. काकूंना एकही वाक्य आठवेना. पिशवी छातीशी धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. अश्विनीने त्यांच्या हातातून पिशवी घेतली.

"आई, किती वाळलात! आत या आधी."

ती पाणी आणायला गेली. काकू खुर्चीत टेकल्या, पदराने चष्मा पुसला आणि हळूच मला म्हणाल्या, "हे वाक्य मला सुचलं नव्हतं गं."