गार्डसाहेबांची आरोपी

सकाळी सात वाजता कोणी दार ठोठावून "छायाबाई, चला लवकर, पंच पाह्यजे" म्हटलं, तर बाईमाणूस काय समजेल? मला वाटलं, गल्लीत कोणाचं तरी घर फुटलं. चहा गॅसवर तसाच टाकून धावले. शेजारी गार्डसाहेबांच्या घरात पाहते तर सोफ्याभोवती सुतळी ताणलेली, आणि सुतळीच्या आत, गादीवर, एक ओला डाग.

"मौका हलवू नका, जागेला हात लावू नका," गार्डसाहेब म्हणाले. "आधी वाचून दाखवतो. मंग सही करा."

आणि त्यांनी चष्मा चढवून खरोखर पंचनामा वाचला. "आज रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सागवानी सोफ्याच्या पूर्वेकडील गादीवर अंदाजे एक वीत लांब व चार बोटे रुंद असा ओला डाग दिसून आला. वास उग्र. आरोपी फ्रिजवर बसलेली असून विचारपूस केली असता तिने डोळे मिटून घेतले."

आरोपी म्हणजे मांजर. मी फ्रिजकडे पाहिलं. तिने माझ्याकडेही पाहून डोळे मिटले. काय करता? केली सही. तिकडे माझा चहा उतू गेला तो वेगळाच.

गार्डसाहेब म्हणजे आमचे पुंडलिकभाऊ. वनखात्यात गार्ड होते. सारी नोकरी एटापल्ली, भामरागडच्या जंगलात काढली आणि निवृत्त होऊन कुरखेड्याला आमच्या शेजारी घर बांधून राहिले. कागदोपत्री निवृत्त झाले, एवढंच. बायको शकुंतलाबाई जाऊन सात वर्षं झाली, मुलगा महेश नागपूरला. हा माणूस घरी एकटा आणि आमची गल्ली म्हणजे त्यांचं बीट. संध्याकाळी काठी घेऊन गस्त घालणार. माझी साडी वाळत घातलेली दोरी रस्त्यावर वीतभर आली की "छायाबाई, अतिक्रमण होऊन राह्यलं." कोणी दारातल्या कडुनिंबाची फांदी तोडली की उभा करून विचारणार, "कोणाले विचारून तोडली? किती तोडली? कोयता दाखव." लोक हसतात, पण फांदी तोडायच्या आधी गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे ते पाहून घेतात.

आणि तो सोफा! वनखात्याच्या डेपोच्या लिलावातलं सागवान घेऊन बनवलेला. बाकीच्यांच्या घरी भिंतीवर मुलाबाळांचे फोटो असतात. यांच्याकडे बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्या लाकडाचा वाहतूक परवाना, काचेत मढवून. पाहुणा सोफ्यावर टेकला की आधी परवाना दाखवतात, पाणी नंतर विचारतात. त्या सोफ्याच्या गाद्या मी शिवलेल्या. माझं शिलाईकाम आहे, खोळी, अभ्रे, ब्लाउज, सारं करते. त्यामुळे त्या सोफ्यावर झालेला प्रत्येक अत्याचार माझ्याही जिवाला लागत होता.

मांजर चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात खिडकीतून आत आली. करडी, पट्ट्यापट्ट्यांची. मी विचारलं, "भाऊ, पाळली काय?" तर म्हणाले, "छे! जंगली जनावर पाळता येत नाई, गुन्हा आहे. थांबली आहे, जाईन पाऊस उघडल्यावर." तिला नाव ठेवलं नाही. मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी मासोळ्यांची पिशवी आणत, आणि मी विचारलं की "मले डॉक्टरनं सांगतली" म्हणत. मासोळीची डोकी तेवढी कोण खायचं, ते सगळ्या गल्लीला माहीत.

तर ही आरोपी दिवाळीनंतर बिघडली. आज ही गादी, उद्या ती उशी, परवा दिवाण. दोन महिन्यांत चौदा पंचनामे झाले. मी चौदाहीवर पंच. दुसरे पंच म्हणजे आमचे मालक, ते तर न वाचताच सही करायचे. मी चार वेळा खोळी शिवून दिल्या.

उपाय काय कमी केले? डांबराच्या गोळ्या ठेवल्या. लिंबं पिळली. सोफ्याभोवती लाल चिंध्यांची दोरी बांधली. मग एक दिवस त्यांना हत्ती आठवले. इकडे हत्ती येतात तेव्हा धानाच्या बांधावर गोवऱ्यांवर लाल मिरच्या जाळतात, त्या धुरानं हत्ती मागे फिरतो. "हत्ती जाते तं मांजर काऊन नाई जाणार?" असं म्हणून या माणसानं बैठकीच्या खोलीत मिरच्यांचा धूर केला. अरे बाप्पा! सारी गल्ली खोकत रस्त्यावर आली. गार्डसाहेब स्वतः पायरीवर बसून डोळे चोळत होते. आणि आरोपी? ती माझ्या घरात, माझ्या मशीनवर, माझ्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर पाय पोटात घेऊन बसली होती.

"तुमच्यानं नाई होत भाऊ," मी चिडून म्हटलं. "नवरा शोधून द्या तिला, सासरी जाईल."

ते हसले नाहीत. त्या दिवशी महेशचा फोन आला होता. महेशला आठ महिन्यांचं बाळ, अजून आजोबांचं घर पाहिलेलं नाही. येत्या रविवारी पहिल्यांदा येणार होते. पण सूनबाईनं स्वच्छ सांगितलं होतं की बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. सोफ्यावर घाण करणारी मांजर घरात राहणार असेल तर आम्ही येत नाही. तिचं काही चूक नव्हतं. मी आई आहे, मीही तेच म्हटलं असतं.

"शनिवारपर्यंत सुधारली तं ठीक," गार्डसाहेब म्हणाले. "नाई तं तडीपार. रोपवाटिकेच्या पल्याड जंगलात सोडून देतो."

"आणि बिबट्यानं नेली तं?"

"नियम तो नियम," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मी दिलेली वांग्याची भाजी त्यांनी तशीच परत केली.

बुधवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. जंगलात वाघाच्या वाटेवर बारीक चाळलेली माती पसरून ठेवतात, सकाळी पावलांचे ठसे स्वच्छ उमटतात. हे गार्ड लोक त्यावरून वाघ की वाघीण, भुकेला की पोट भरलेला, सारं सांगतात. तर गार्डसाहेबांनी माझी पिठाची चाळणी नेली, मला न विचारता, आणि सोफ्याभोवती घरभर माती पसरली. कोणत्या बाजूनं चढते ते कळलं की तिथे बंदोबस्त करणार होते.

"भाऊ," मी कपाळाला हात लावला. "मांजरीपुढे चाळलेली माती? तुम्ही तर तिला संडासच बांधून दिला!"

"मौका हलवू नका," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी हाक आली तेव्हा मी हसायच्या तयारीनंच गेले. गार्डसाहेब मातीजवळ उकिडवे बसले होते. हातात काडी. कागद नव्हता, पेन नव्हतं.

"इकडं या. हे पाहा, इथी बसली." काडीनं दाखवत ते सरकले. "उठली. दोन हात समोर गेली. पुन्हा बसली. मागचे पंजे पाहा कसे रुतले, जोर लावून राह्यली. मंग इथी. मंग इथी. अकरा जागी बसली, छायाबाई. अन् माती ओली किती? चण्याएवढी."

मला काही उमगेना. "म्हणजे?"

"म्हणजे हे घाण नाई करून राह्यली. हिले होऊन नाई राह्यलं."

त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. पुढच्या पाच मिनिटांत मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीतून आरोपीचं डोकं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोट दाबून पाहिलं तशी ती ओरडली. मूत्राशयाला सूज आहे म्हणाल्या. लघवी करताना दुखतं, म्हणून मऊ जागा शोधत फिरते. इंजेक्शन दिलं, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. "माती ठेवली ते चांगलं केलं, राहू द्या. पण बरेच दिवसांपासूनचं दिसते हे. लक्ष नाही गेलं तुमचं?"

गार्डसाहेब "हाव" म्हणाले आणि गोळ्यांची पुडी खिशात घातली.

परत येताना धानाच्या बांध्यांजवळ त्यांनी स्कूटर थांबवली. खाली उतरले नाहीत, मागे वळले नाहीत.

"शकुंतलाचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "मी भामरागडले. पावसानं रस्ता बंद. दीड महिन्यानं घरी आलो तं नवी गादी उन्हात टाकलेली. रातच्याले उठायले उशीर झाला, म्हणे. मी ओरडलो तिच्यावर. लहान पोरगी आहे काय म्हटलं, नवी गादी नासवली म्हटलं." त्यांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "तिनं मंग मले काईच नाई सांगतलं. दोन्ही किडन्या गेल्या तवा माहीत पडलं. वाघाचं पाऊल पाहून त्याचं पोट सांगत होतो मी, छायाबाई."

मला रडू आलं, ते मी पिशवीत तोंड घालून आवरलं. आरोपीनं माझं नाक चाटलं.

रविवारी महेश, सूनबाई आणि बाळ आले. मी पाचवी खोळ घेऊन गेले, ती चढवायची होती. घर लख्ख, आरोपी फ्रिजवर. मात्र गोळ्यांचा चौथाच दिवस, आणि पाहते तर पूर्वेकडच्या गादीवर ताजा डाग. मी खोळ टाकून झाकायला गेले, तोवर सूनबाईनं पाहिला होता. तिनं बाळाला उचलून घेतलं.

"बाबा," महेश म्हणाला, "सांगितलं होतं ना मी? ती मांजर आजच्या आज..."

"मांजरीनं नाई केलं."

"मग कोणी?"

"माह्यानं झालं," गार्डसाहेब म्हणाले.

माझ्या हातातली खोळ तशीच राहिली. आयुष्यात ज्यानं कागदावर एक ओळ खोटी लिहिली नाही, तो माणूस पोराच्या डोळ्यांत पाहून सांगत होता, "वय झालं. कधी कधी समजत नाई."

महेश खुर्चीवर बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "बाबा, सांगायचं नाही का आम्हाला?"

"सारंच सांगता येते काय बाबू? घरच्यानं ओळखा लागते."

सूनबाईनं बाळ महेशकडे दिलं, ओली खोळ काढली, बादलीत भिजवली आणि हात धुऊन आली. "बाबा, तुम्ही आधी कपडे बदलून घ्या," ती म्हणाली, इतक्या हळू की पोटची पोरगीच बोलतेय असं वाटावं. आणि गार्डसाहेब, कडक इस्त्रीच्या कोरड्या ठणठणीत पँटीत उभे असलेले, मान खाली घालून आत गेले आणि पँट बदलून आले. ते आल्यावर तिनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

महेशनं मला बाहेर ओट्यावर बोलावलं. "काकू, किती दिवसांपासून आहे हे?"

चौदा पंचनाम्यांवर माझी सही होती.

"दोन महिने झाले," मी म्हटलं. "औषध सुरू आहे. उतार पडून राह्यला."