कळंबला पसंत पडलेलं गाणं

देशात कुठल्याही भाषेत शुक्रवारी नवं गाणं निघावं आणि शनिवारी सकाळपर्यंत ते शिवानंदानं ऐकलेलं नसावं, असं आजवर झालं नव्हतं. निदान शिवानंदाचं तसं म्हणणं होतं. पंजाबी, तमिळ, बंगाली, आसामी, भोजपुरी, त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. यातली एकही भाषा त्याला येत नव्हती, पण पुरणपोळी चांगली झालीय हे कळायला डाळ कुणाच्या रानातली ते माहीत असावं लागत नाही, असं तो सांगायचा. दर शुक्रवारी पाच नवी गाणी निवडून तो 'या आठवड्याची पंचपक्वान्नं' म्हणून स्टेटसला टाकायचा. खाली लिहायचा, 'ऐकाच. नाही आवडलं तर मला सांगा.' कळंबातली दोनशे बारा माणसं ते बघायची आणि कुणीच काही सांगायचं नाही. याचा अर्थ शिवानंद, सगळ्यांना आवडलं, असा घ्यायचा.

पोटासाठी तो ठेकेदाराची घंटागाडी चालवायचा. हिरवा कप्पा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा, आणि टपावर भोंगा. त्या भोंग्यावर 'कचरा वेगळा करा, गाव निरोगी करा' हे एकच रेकॉर्ड तीन वर्षं वाजत होतं. ज्या माणसाच्या मोबाईलमध्ये सतरा भाषांतली गाणी, त्यानं सकाळी सात ते अकरा हे ऐकावं, म्हणजे हलवायाला रोज उपास घडावा तसं झालं. पण गाडीमागं उभी राहून बादल्या घेणारी प्रेमाबाई म्हणायची, "रेकॉर्डला कशापायी नावं ठेवतूस? कचऱ्याला काय सूर लागतो व्हय?" आणि गप्प बसवायची.

दिवाळीनंतर शिवानंदाचा जळकोटच्या गायत्रीशी साखरपुडा झाला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारं माणूस मिळालं. नुसतं ऐकणारं नव्हे, मार्क देणारं. शुक्रवारी पाच गाणी गेली की शनिवारी गायत्रीचं उत्तर यायचं: दोन, चार, तीन, पाच, एक. ती जळकोटच्या शाळेत गणित शिकवायची आणि मार्कांच्या बाबतीत तिचा हात फार आखडता होता. सहाच्या वर तिनं कुणालाही दिलेले नव्हते. एकदा त्यानं धीर करून विचारलं, "दहापैकी दहा कुणाला देशील?" तर म्हणाली, "देवाला. त्येबी बघून."

पौषात एके दिवशी फोनवर तिनं अट घातली.

"हे बगा, माझ्या दोनी बहिणींच्या वरातीत तीच तीन गाणी वाजली. लोक वट्यावर बसून शेंगा खात व्हते. माझ्या वरातीला म्या कधीच न ऐकलेलं गाणं पायजे. आन् ते लागलं की तुमच्या गल्लीतली माणसं घराभाईर आली पायजेत."

"आन् न्हाय आली तर?"

"तर मीबी जीपमधी बसून राहीन. तुमच्या दारात खाली पाय ठेवणार न्हाय."

शिवानंद हसला, पण त्याला रात्रभर झोप लागली नाही. कारण गायत्री बोलायची ते करायची. अख्ख्या गल्लीसमोर नवरी जीपमधून उतरत नाही, पाठराखीण तोंडाला पदर लावून बसलीय आणि आपली आई ओवाळणीचं ताट धरून उभीच आहे, हे चित्र त्याला डोळे मिटले की दिसायला लागलं. गाणं असं निवडायला हवं होतं की चुकायला जागाच नको. आणि गाणं गावाला आवडतंय का, हे कळायचं कसं?

सकाळी भोंगा पुसताना उत्तर त्याच्या हातातच होतं. लग्नाला चार महिने होते. रोज एका भाषेतलं गाणं लावायचं आणि कोण बाहेर येतं ते बघायचं. गावाला गाण्यांची ओळखही होईल आणि आपली परीक्षाही होईल. त्यानं रेकॉर्डचा पेनड्राइव्ह काढला आणि स्वतःचा घातला.

सोमवारी पंजाबी लावलं. ढोल असा, की भोंग्याचे स्क्रू हलले. माणसं बाहेर आली खरी, पण वरात समजून. दोन म्हातारे गाडीपुढं नाचले आणि एकानं प्रेमाबाईवरून दहाची नोट ओवाळून टाकली. कचरा कुणीच आणला नाही. "नोट सुक्यात टाकू का वल्यात?" प्रेमाबाईनं विचारलं आणि कमरेला खोचली.

मंगळवारी बंगाली. एकतारीवर एक माणूस असा आर्त गात होता की गाडीसुद्धा हळू चालल्यासारखी वाटत होती. शिवानंदाच्याच गल्लीच्या तोंडाशी तुळजाबाई राहायच्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं पण दानधर्माची हौस फार. त्या सुपात ज्वारी घेऊन आल्या, प्रेमाबाईच्या पदरात ओतली आणि पाया पडून म्हणाल्या, "महाराज, नातवाला नोकरी लागू द्या." प्रेमाबाईनं आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार? त्या दिवशी घंटागाडीनं दोन किलो कचरा आणि अडीच किलो ज्वारी गोळा केली.

बुधवारी तमिळ लागलं आणि तिथं घोळ झाला. गाण्यात हलगीसारखं एक चामडी वाद्य होतं, संथ, एका ठेक्यात. शिवानंदाला ते फार आवडलं होतं. गाडी बाजारपेठेत शिरली आणि खताचे दुकानदार लिंबाजी यांनी कानोसा घेतला. आपल्याकडं अंत्ययात्रा जाताना दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो, तसं त्यांनी ओढलं. त्यांचं बघून शेजारच्यानं ओढलं. त्याचं बघून पलीकडच्यानं. गाडी पुढं जाईल तशी मागं शटरं पडत गेली. धान्याचा सौदा थांबला. हमालांनी डोक्याला गुंडाळलेली टापरं काढली.

"कोण गेलं?" असं सगळेच विचारू लागले आणि कुणीच उत्तर देईना. पण कळंब काय प्रश्न अर्धवट सोडणारं गाव नव्हे. दहा वाजेपर्यंत नाव ठरलं: गौरीशंकर गुरुजी. वय ब्याऐंशी, आणि दोन दिवस पारावर दिसले नव्हते, म्हणजे तेच. खुद्द गुरुजी सर्दीनं घरात पडून होते. बाजार बंद झालाय, कुणीतरी मोठं माणूस गेलंय, एवढंच त्यांच्या कानावर आलं. ते खांद्यावर टॉवेल टाकून कर्तव्य म्हणून निघाले, गर्दी जाईल तिकडं गेले आणि वळसा घालून आपल्याच दारात येऊन पोचले. दारात शंभर माणसं होती. त्यांना बघून शंभर माणसं दोन पावलं मागं सरली.

"कोण गेलं?" गुरुजींनी विचारलं.

लिंबाजी हार मागं लपवत म्हणाले, "कुणी न्हाई गुरुजी. तुमी बसा."

दुपारी ठेकेदाराचा मुकादम रणधीर यानं शिवानंदाला बोलावलं. समोर गुरुजींचा तक्रार अर्ज होता, शुद्ध मराठीत आणि तीन पानी.

"काय वाजवायलास रं गाडीवर?"

"नवी गाणी साहेब. लोकांना जरा कळावं देशात काय काय निघतंय."

"देशात काय निघतंय ते लोक बघतेल. तू घरातला कचरा काढ." मग रणधीर जरा नरमला, कारण तीन वर्षं ते रेकॉर्ड त्यालाही छळत होतं. "गाणं लावायचं तर एकच लाव. रोज तेच. उद्यापास्नं बदललंस, तर किल्ली हितं ठेवून जायचं."

एकच! शिवानंदानं ती रात्र मोबाईल कानाला लावून काढली आणि पहाटे त्याला ते सापडलं. आसामी होतं. गेल्याच शुक्रवारी निघालेलं. सुरुवातीला म्हशीच्या शिंगाचं एक वाद्य असं काही उसळायचं, की माणसाचे पाय आपोआप दाराकडं वळावेत. मागून ढोल, मग एक बाई हसत हसत गायला लागायची. हे गाणं त्यानं गायत्रीला पाठवलं नाही. स्टेटसलाही टाकलं नाही. फक्त कळंबला ऐकवलं.

पहिला आठवडा थंड गेला. दुसऱ्या आठवड्यात शिंग वाजलं की दोनचार दारं उघडायला लागली. महिन्याभरात अशी कमाल झाली की गाडी कोपऱ्यावर असतानाच गल्ली उभी राहायची. बायका हातातली कामं टाकून यायच्या. लिंबाजी दाढीचा फेस घेऊन यायचे. गौरीशंकर गुरुजीसुद्धा यायचे. शिवानंदाचा ऊर भरून यायचा.

"मावशी, बगितलंत? गाणं लागलं की माणूस घरात थांबत न्हाय."

"आरं, ते बादली रिकामी करायला येतेत."

"बादली निमित्त हाय वो मावशी."

प्रेमाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि लग्न ठरलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून बादली झटकली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा शिवानंदानं गायत्रीला फोन करून सांगून टाकलं, "गाणं मिळालं. चार महिने तपासलंय. सगळं गाव भाईर येतंय. म्हातारेबी." ती म्हणाली, "बगू." गणिताच्या मास्तरीणबाईंचं 'बगू' म्हणजे काय ते विद्यार्थ्यालाच कळतं.

वैशाखात जळकोटला अक्षता पडल्या. शिवानंदानं चार दिवसांची रजा घेतली होती आणि प्रेमाबाई वऱ्हाडात होती. बदली ड्रायव्हर देतो म्हणालेल्या रणधीरनं ऐनवेळी स्वतःच लग्नाला यायचं ठरवलं आणि गाडीची किल्ली त्याच्या खिशातच राहिली. त्यामुळं चार दिवस कळंबात घंटागाडी फिरली नाही. हे वरातीच्या आनंदात कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. म्हणजे वरातीतल्या कुणाच्या. गल्लीतल्या प्रत्येकाच्या लक्षात होतं, कारण वैशाखाचं ऊन आणि आंब्याच्या साली.

संध्याकाळी सहाला वरात गल्लीच्या तोंडाशी आली. पुढं डीजेचा टेम्पो, मागं फुलांनी सजवलेली उघडी जीप. जीपमध्ये बाशिंग बांधलेला शिवानंद, शेजारी गायत्री, मागं पाठराखीण म्हणून तिची आत्या चन्नम्मा. गल्ली शांत होती. वट्यावर चारदोन माणसं शेंगा खात बसली होती. गायत्रीनं त्या शेंगांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. त्यानं डीजेवाल्याला हात केला.

शिंग उसळलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तुळजाबाईंचं दार धाडकन उघडलं. त्याच्या पलीकडचं उघडलं. मग दोन्ही बाजूंची सगळी दारं उघडत गेली आणि माणसं धावत बाहेर आली. अशी वरात कळंबात कुणाच्या नशिबी आली नव्हती. शिवानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगितलं?" तो गायत्रीला म्हणाला. "म्या सांगितलं व्हतं."

"बगितलं," गायत्री म्हणाली. "पर हातात काय हाय त्यांच्या?"

हातात बादल्या होत्या. हिरव्या, निळ्या, काही नुसत्याच पिशव्या. तुळजाबाई सगळ्यांत पुढं. त्यांना दिसलं एवढंच, की गाणं वाजवणारी एक उघडी गाडी उभी आहे. त्यांनी चार दिवसांच्या आंब्याच्या साली डीजेच्या टेम्पोत ओतल्या. बरोब्बर मशीनवर. मागच्यांना त्यांचं बघून धीर आला. डीजेवाला ओरडत होता, पण त्याच्याच भोंग्यापुढं त्याचं ऐकू कुणाला जाणार! प्रेमाबाई नव्या इरकलीत नटून चालली होती. पण समोर बादली आली आणि तिचे हात आपोआप पुढं झाले. "वला इकडं, सुका तिकडं," असं ती बोलून गेली आणि मग तिला थांबता येईना.

चन्नम्मा आत्यानं पुढं वाकून हळूच विचारलं, "गायत्री, हा ह्यांच्याकडचा रिवाज हाय का?" रिवाज असेल तर आपल्या बाजूनं कमी पडायला नको, म्हणून तिनं प्रवासातल्या केळ्यांच्या सालींची पिशवी काढली, जीपमधून उतरली आणि ओवाळायला पुढं आलेल्या शिवानंदाच्या आईच्या हातात ती मानानं दिली. आईनं दुसऱ्या हातातलं ओवाळणीचं ताट सावरलं आणि ती पिशवी घेतली.

गर्दीत रणधीर दिसला. त्यानं खिसा चाचपला आणि किल्ली सापडताच तो गर्दीकडं पाठ करून उभा राहिला.

आणि शिवानंद? तो जीपमधून कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. बाशिंग कपाळावर, शेरवानीच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि तो लिंबाजींच्या हातातून बादली घेत होता. रिकामी करून परत फिरतो तो समोर जीप. जीपमध्ये एकटी गायत्री. चार महिन्यांची परीक्षा, सतरा भाषा, आणि शेवटी नवरीसमोर आपण काय आणून ठेवलं?

"गायत्री," तो म्हणाला, "आपून दुसरं लावू. पंजाबी हाय. मराठीबी हाय. तू म्हणशील ते. पर तू तेवढं..."

गायत्री हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून. गल्लीभर बघितलं तिनं: बादल्या, सालींनी भरलेला टेम्पो, आत्या, ताट घेतलेली सासू, आणि मधोमध आपला नवरा. मग शालूच्या निऱ्या उचलून ती जीपमधून खाली उतरली.

"अट अट असती," ती म्हणाली. "माणसं भाईर आली म्हणल्यावर उतरायलाच पायजे."

शिवानंदाच्या जिवात जीव आला. इतका, की त्यानं तिथंच विचारून टाकलं, "आन् गाण्याला किती?"

गायत्रीनं डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग टेम्पोत डोकावली.

"नऊ."

"नऊ?" त्याला खरं वाटेना. "एक कशापायी कापला?"

"वला-सुका एकत्र केलाय तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला सहाच्या वर मिळाले होते. आनंदाच्या भरात त्यानं दोन्ही हात जोडून बायकोला नमस्कार केला, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की लिंबाजींची बादली अजून आपल्या हातात आहे, आणि लिंबाजी ती मागायला केव्हाचे शेजारी उभे आहेत.