ओस्टरमेर मुक्कामी दप्तर निशाणावर चढले त्याची हकीकत

उत्तर समुद्राच्या बांधाआड जी जमीन पाण्याकडून हिसकून घेतली, त्या फ्रीसलंड सुभ्यात मौजे ओस्टरमेर, तेथे कालव्याकाठच्या गल्लीत जे वर्तमान जाहले ते यथामती लिहितो. आम्ही या गल्लीचे मीठ खाल्ले, सबब मिठास जागून लिहू. परंतु फजिती जाहली तेथे फजितीच लिहू, रंग लावणार नाही.

या मुलखाचा शिरस्ता ऐसा की, पोर शालान्त परीक्षा पास जाहले म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीवर तिरपा दांडा लावून निशाण चढवावे आणि दांड्याच्या टोकास पोराचे जुने दप्तर लटकवावे, जेणेकरून आल्यागेल्यास विदित व्हावे की या घरी फत्ते जाहली. दप्तर न लटकले तरी कोणी अक्षर बोलत नाही, आणि या लोकांचे न बोलणे फार दूरवर ऐकू येते.

त्या गल्लीत सिब्रांड नामे होड्या रंगविणारे गृहस्थ, पत्नी आन्याबाई निवर्तल्यावर एकटी लेक येट्स्के हीस घेऊन राहात. गृहस्थ कष्टाळू, हट्टी, आणि तोंडी एकच वाक्य की आपण शून्यातून वर आलो. हे वाक्य त्यांनी न्याहारीस ऐकविले, जेवणी ऐकविले आणि पाव्हण्यांस कॉफीबरोबर ऐकविले, आणि मग तेच लेकीच्या हाडीमासी खिळले. बीजगणिताच्या मुलखात उतरली तेव्हा ती प्रत्येक रेघ शून्यापासूनच काढू लागली. टाकीत आधीच चाळीस लिटर पाणी आहे, दर मिनिटास तीन लिटर चढते, त्याचा आलेख काढा, ऐसा हुकूम सुटला, तरी बाईसाहेबांनी ते चाळीस लिटर ओतून दिले आणि रेघ शून्यातून उभी केली. लुबर्ट मास्तरांनी नानापरी समजाविले की, समीकरणात क्ष शेजारी जो आकडा तो उतार, सुटा आकडा तो रेघ जेथून निघते तो मुक्काम, आणि प्रत्येक क्ष एकाच य ची चाकरी करतो, दोन धन्यांचे मीठ खात नाही. येट्स्केने मान डोलाविली आणि पुन्हा शून्यातून निघाली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग निकालाचा दिवस उगवला. गुरुजनांनी घरी फोन करोन निकाल सांगावा ऐसी रीत. सिब्रांडरावांस दम कोठला? फोन येण्याआधीच, आन्याबाईंनी भिंतीत बसविलेल्या लोखंडी खोबणीत दांडा रोवला, निशाण सोडले, दप्तर लटकविले आणि छाती काढून उंबऱ्यात उभे राहिले. इतक्यात फोन वाजला. बाकी सर्व किल्ले सर, एक गणित पडले, फेरपरीक्षा देणे. आता चढविलेले निशाण भरदिवसा उतरविणे आले, आणि या गल्लीत खिडक्यांस पडदे ओढण्याची चाल नाही. समोरच्या कोबाबाई, वय फार आणि जीभ तरुण, फुलझाडांस पाणी घालीत होत्या.

"सिब्रांड, झेंडा उतरवतोयस की धुवायला काढलायस?"

सिब्रांडांनी निशाण गुंडाळिले. दप्तर बगलेत मारोन आत गेले. येट्स्केने जिन्यातून ते पाहिले. तिला नापास होण्याचे दुःख थोडे, बापाची मान खाली गेली त्याचे फार. आपण पुन्हा पडलो तर बाप हा दांडा जन्मात हाती धरणार नाही, हे ती पक्के जाणून होती.

मग तिने गणितास वेढा घातला. पावावर चॉकलेटचा चुरा पसरावा, एक घास घ्यावा, एक आलेख काढावा. ऐसे करिता कागदाचा फडशा पडला, परंतु रेघ शून्याचा पदर सोडीना. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती मास्तरांकडून सायकलवर परतली. सिब्रांडांनी, गल्ली जेवावयास बसली ऐसे पाहोन, खोबणीस तेल दिले होते आणि नुसता दांडा, निशाणाविना, बसतो की नाही हे आजमावीत होते. आशा मेली नव्हती, चोरून जगत होती.

येट्स्के गल्लीच्या बाजूने येत होती. तिने पाहिले: भिंत उभी, फरसबंदी आडवी, जैसे आलेखाचे दोन अक्ष, आणि त्यांत दांडा तिरपा चढत गेला. ती सायकलवाटेच्या मध्येच थबकली. मागून घंट्यांचा मारा जाहला, एका सद्गृहस्थांनी तिच्या अकलेची चौकशी केली, तरी बाईसाहेब हलल्या नाहीत. दांडा जमिनीतून निघाला नव्हता. तो भिंतीवर वर, खोबणीतून निघाला होता.

"बाबा, ही खोबण आईने कधी बसवली?"

सिब्रांड दचकले, दांडा लपवू गेले, परंतु एवढा लांब दांडा लपवावा कोठे? मग म्हणाले, "तू पहिल्यांदा शाळेत गेलीस ना, त्या दुपारी. मी म्हटलं, अगं, एवढी घाई कसली? तर म्हणाली, राहू दे, थांबेल ती खोबण."

येट्स्केने खोबणीकडे बोट दाखविले.

"मग आपण शून्यातून नाही आलो, बाबा. इथून निघालो."

सिब्रांडांनी डोळे पुसले आणि तेलकट हाताचा दोष सांगितला.

दुसरे दिवशी रण जाहले. अर्धी जळलेली मेणबत्ती आली, तिची रेघ वरून निघोन खाली उतरविली. आधीच भरलेली टाकी आली, तिचे चाळीस लिटर शाबूत राखिले. प्रत्येक रेघेस आधी खोबण नेमिली आणि मग उतार दिला.

निकालाचे दिवशी सिब्रांडांनी दांड्यास हात लाविला नाही. फोन आला, येट्स्केने घेतला, ऐकिला, ठेविला. मग बापास म्हणाली की दांडा काढा. निशाण चढले, दप्तर लटकले. कोबाबाईंनी बिस्किटांचा डबा आणिला, आणि एकेक देऊन झाकण लावण्याची रीत सोडोन तो चक्क उघडा ठेविला, जे या प्रांती कोणी पूर्वी पाहिले नव्हते.

येणेप्रमाणे ओस्टरमेरची मोहीम फत्ते जाहली. दप्तरात बीजगणिताचे पुस्तक तैसेच राहिल्याने ओझे फार, सबब दांडा वाकला आणि उतार थोडा कमी जाहला, तो येथे नमूद केला आहे. खोबण मात्र तसूभर हलली नाही. ती आन्याबाईंनी बसविली होती.