भागाबाईची आंबट बिअर आणि दोन पुड्या

एका जंगलात, मुलांनो, बिअर प्यायच्या आधी वाचायची पद्धत होती.

बिअर म्हणजे काय, असं विचारू नका. आंबवलेल्या धान्याचं पाणी असतं. मोठी माणसं ते पितात आणि मग एकमेकांना ‘तू माझा सख्खा भाऊ आहेस’ असं सांगत बसतात. आपल्या गोष्टीपुरतं एवढं पुरे. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये.

तर या जंगलात ओढ्याकाठच्या गुहेत भागाबाई नावाची अस्वलीण बिअर करायची. नाचणीला मोड आणायची, रांजणात आंबवायची, वरून कोकमाचा आंबट रस ओतायची. आंबट बिअर होती ती. घोट घेतला की डोळे आपोआप मिटायचे आणि उघडल्यावर जग जरा बरं दिसायचं. दिवाळीला ती त्यात सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी आणि जायफळ घालायची.

पण चांगली झाली की नाही, हे पिणाऱ्याने ठरवायचं नसे. ते ठरवायचे दोन जाणकार मित्र. एक काटेपंत, म्हणजे साळिंदर. हे स्वतःच्याच पाठीचा काटा उपसून सागाच्या पानावर अभिप्राय लिहायचे आणि पान वडाला टांगायचे. दुसरे धनेशराव, म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. हे एकदा नदीपलीकडे जाऊन आले होते आणि त्यानंतर अलीकडचं त्यांना काही फारसं आवडत नसे. पूर्ण गुण चार पंजे. चारच, कारण राजाला पंजे तेवढेच होते.

या दोघांबरोबर सुळेमामा नावाचे रानडुक्कर असायचे. ते जाणकार नव्हते. लहानपणापासूनचे मित्र होते, एवढंच.

गेल्या दिवाळीला भागाबाईला दोन पंजे मिळाले. राजा पट्टेराव वाघ म्हणाले, “बाई, पुढच्या दिवाळीला चार मिळाले नाहीत तर गुहा रिकामी करा. तरसाला तिथे हास्यक्लब काढायचा आहे.”

भागाबाईचा त्या गुहेत जन्म झाला होता. तिची आई तिथेच रांजण ढवळता ढवळता म्हातारी झाली. वर्षभर बिचारीला नीट झोप लागली नाही. अस्वलाला थंडीत झोप न लागणं म्हणजे काय, हे अस्वलालाच ठाऊक.

दिवाळीच्या तोंडावर ती मसाला कुटायला बसली. दरवर्षी राजाच्या घरी पहिल्या आंघोळीचं उटणंही तिच्याकडूनच जायचं. चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद आणि मुलतानी माती. एकाच दिवशी, एकाच खलबत्त्यात आधी उटणं आणि मग मसाला कुटून झाला. पळसाच्या पानात दोन पुड्या बांधल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

काटेपंत तिकडून चालले होते. ते म्हणाले, “भागाबाई, काटा देतो. पुड्यांवर नावं लिहा.”

“माज्या हातचं मला वळकंना व्हय?” भागाबाई म्हणाली आणि शिंकली. दिवसभर मिरी कुटून तिचं नाक पार चोंदलं होतं.

खलबत्त्याला चिमूटभर मसाला चिकटून राहिला होता. तो वाया जाऊ नये म्हणून तिने एका छोट्या गाडग्यातल्या बिअरमध्ये खरवडून टाकला. मग एक पुडी रांजणात रिकामी केली आणि दुसरी राजाच्या घरी पाठवली.

आता तुम्ही म्हणाल, तिने चाखून का नाही पाहिलं? शहाणेच आहात. दिवाळीचा पहिला रांजण देवाला दाखवल्याशिवाय चाखायचा नसतो, उष्टा होतो. आईने शिकवलेलं होतं ते. भागाबाईने चार पंजे गमावले असते, पण देवाला उष्टं दिलं नसतं.

नरकचतुर्दशीचा दिवस उजाडला. नैवेद्य झाला. तिघे मित्र ओढ्याकाठी बसले. भागाबाईने तीन करवंट्या भरल्या.

धनेशरावांनी करवंटी गोल फिरवली, चोच बुडवली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते उघडलेच नाहीत.

“चंदन,” ते म्हणाले.

“आणि वाळा,” काटेपंत म्हणाले. त्यांना नक्की काही कळलं नव्हतं, पण मागे राहणं त्यांना जमत नसे. “त्यामागून ओली माती.”

“आंबटपणा लगेच भेटत नाही.”

“मातीखाली आहे. शोधावा लागतो.”

सुळेमामांनी एक घोट घेतला आणि करवंटी खाली ठेवली. त्यांनी आयुष्यात काही अर्धवट टाकलं नव्हतं. “याला आंघोळीचा वास येतोय,” ते म्हणाले.

“सुळेमामा, तुम्ही शेवटची आंघोळ कधी केलीत?” धनेशरावांनी विचारलं.

मामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “झाली न्हाय अजून.”

“मग तुम्हाला काय कळणार?”

काटेपंतांनी काटा उपसला आणि लिहिलं : ‘जिभेचं अभ्यंगस्नान. अशी बिअर या जंगलात झाली नाही. चार पंजे.’ पान वडाला लागलं. माकडांनी ते वाचलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि घटकाभरात गुहेपासून टेकडीपर्यंत रांग लागली. वाचेपर्यंत कुणाला तहान नव्हती.

भागाबाईने डोळ्यांना पदर लावला. आणि तेवढ्यात राजवाड्याकडून एक डरकाळी आली. मग एक शिंक आली. मग पुन्हा डरकाळी.

शिंक ऐकून भागाबाई जागच्या जागी थिजली. तिने रांजणात बोट बुडवलं आणि चाटलं. एव्हाना तिचं नाक मोकळं झालं होतं. जिभेवर चंदन होतं.

पट्टेराव महाराज धावतच आले. अंगावरचा केसन् केस उभा होता. डोळे लाल झाले होते आणि अंगाला जायफळाचा सुरेख वास येत होता.

“उटणं कुणी केलं?”

भागाबाईला पळून जाता आलं असतं. पण गुहा सोडून ती जाणार कुठे? ती पुढे झाली. “म्या केलं, म्हाराज. पुड्यांची अदलाबदल झाली. बिअरमदी उटणं ग्येलं आन् तुमच्या अंगाला बिअरचा मसाला. चुकलं माजं.”

रांगेतले सगळे वडावरच्या पानाकडे बघायला लागले. मग काटेपंतांकडे.

काटेपंतांनी पाठीवरचे उरलेले काटे फुलवले. धनेशरावांच्या पोटात त्या वेळी करवंटीभर उटणं होतं. ते खाकरले.

“बाई फार विनयशील आहेत,” ते म्हणाले. “मोठे कलावंत असंच बोलतात. महाराज, आपल्याला नक्की काय जाणवतं आहे?”

“आग होते आहे.”

“आधी आग. आणि मग?”

महाराजांनी विचार केला. “मग अजून आग.”

“परिणाम दीर्घकाळ टिकतो,” काटेपंतांनी लिहून घेतलं.

“नदीपलीकडे हल्ली असंच उटणं लावतात,” धनेशराव म्हणाले. “अर्थात सामान्य कातडीला त्यातलं काही कळत नाही.”

महाराजांनी रांगेकडे पाहिलं. रांगेने महाराजांकडे पाहिलं. सगळ्या जंगलासमोर आपली कातडी सामान्य आहे, असं कोणता राजा म्हणेल?

“मला लगेच कळलं होतं,” महाराज म्हणाले. “गुहा बाईंकडेच राहील.” एवढं बोलून ते रुबाबात चालत नदीपर्यंत गेले, आत उतरले आणि भाऊबीजेपर्यंत तिथेच बसून राहिले. बहिणीने काठावरून ओवाळलं.

मग काय विचारता, मुलांनो. कुणी बिअर पीत होतं, कुणी अंगाला लावत होतं. माकडं एकमेकांच्या पाठी चोळत होती. हरणांनी राजाच्या घरचं उरलेलं मसाल्याचं उटणं लावून घेतलं आणि त्या दिवशी ती इतकी पळाली की दुसऱ्या जंगलात पोचली. तरस रांगेत उभं राहून जे हसत सुटलं, ते हसतच राहिलं. हास्यक्लब फुकटात झाला.

भागाबाईलाही हसू फुटलं. गुहा वाचली होती. पण मनात काहीतरी टोचत होतं. हे काही तिने केलेलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं. म्हणून तिने आतून ते छोटं गाडगं आणलं. “ही खरी,” ती म्हणाली. “आईच्या हातची हाय तशी. चाखून बगा.”

सुळेमामांनी घोट घेतला. त्यांचे डोळे मिटले, उघडले आणि पाण्याने भरले. धनेशरावांनीही घेतला आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना अलीकडचं आवडलं. मग त्यांनी करवंटी ठेवली.

काटेपंतांनी लिहिलं : ‘चवीला चांगली आहे. पण नुसतीच चवीला चांगली आहे. दोन पंजे.’

तेव्हापासून दर दिवाळीला भागाबाई मोठ्या रांजणात उटणं घालते. खरी बिअर मागच्या कोपऱ्यात, गाडग्यात असते. संध्याकाळी सुळेमामा मागच्या दाराने येतात. दोघं पितात आणि वडाकडे पाठ करून बसतात. मामांनी अजून आंघोळ केलेली नाही, आणि भागाबाईने त्यांना कधी करा म्हणून सांगितलेलंही नाही.

तात्पर्य : मुलांनो, पुड्यांवर कधीही नावं लिहू नयेत. नाव लिहिलं की चूक पकडली जाते. न लिहिलं, तर चुकीला चार पंजे मिळतात आणि पुढच्या वर्षीपासून ती आपली जुनी परंपरा असते.