तीन शिट्ट्यांचं शेणखत

बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली ती दोन महिन्यांसाठी, आणि आता चौथा लागला होता. कधी येतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अहो, बाल्कनीतल्या गुलाबाला कळी आली की येते." (तो गुलाब तीन वर्षांत एकदाही फुललेला नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक.) पण रिकामं घर खायला उठत होतं. संध्याकाळी सवयीने मी दोन कप चहा टाकायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. शेवटी ठरवलं, कळी आणायचीच.

रोपवाटिकेवाल्याने पिशवीभर मुरलेलं शेणखत दिलं. "जिवंत खत आहे, साहेब. आत कोट्यवधी जंतू!"

आता मी पाणीपुरवठा कचेरीतला कारकून. तीस वर्षं पाण्याच्या नमुन्यांवर 'जंतुविरहित' असा शिक्का मारतोय. माझ्याच घरात कोट्यवधी जंतू? मी ते खत सरळ कुकरला लावलं. तीन शिट्ट्या. चौथी होणार, तेवढ्यात शेजारीण नाक दाबून दारात उभी.

"काका, काय शिजवताय?"

"गुलाबाचं जेवण."

"काकूंना बोलावून घ्या हो आता," ती कळवळून म्हणाली.

तेच तर चाललं होतं! पण तीन आठवडे झाले तरी कळी नाही, उलट पानं पिवळी. मी रोपवाटिकेत जाऊन तक्रार केली.

"शिजवलंत?" त्याने कपाळावर हात मारला. "अहो, तेच जंतू खतातलं फोडून, पचवून मुळांना भरवतात. तुम्ही जेवण ठेवलंत आणि आचारी उकडलेत!"

दुसरी पिशवी मी तान्ह्या बाळासारखी घरी आणली. कचेरीतून आलो की कुंडीजवळ स्टूल टाकून बसायचो. "या मंडळी, कसा गेला दिवस?" कोणी उत्तर देत नसे, पण घरात कोणीतरी कामाला आहे, एवढ्याचाही आधार वाटायचा. तिची आठवण येते हे फोनवर कधी बोलता आलं नाही. कुंडीला मात्र रोज सांगत होतो.

विसाव्या दिवशी कळी आली! मी फोटो काढून तिला पाठवला. लगेच तिचा फोन.

"अगबाई, खरंच की! म्हणजे माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही. मग राहते अजून दोन महिने. बाळाला माझी सवय झालीय."

'अगं, मला करमत नाही' म्हणायचं होतं, पण तोंडून भलतंच निघालं, "पहिलं शेणखत मी तुझ्या कुकरमध्ये शिजवलं होतं."

"मोठ्या कुकरमध्ये?"

"मोठ्या."

"उद्या सकाळच्या गाडीने निघते. कशाला हात लावू नका!"

दुसऱ्या दिवशी मी दाढी करून, कळी आलेली कुंडी हातात घेऊन दारात उभा राहिलो. ती मला ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर हुंगला.

"आणि इतके दिवस तुम्ही भात कशात लावत होतात?"

"त्यातच," मी म्हणालो. "तीन शिट्ट्या झाल्या होत्या ना, जंतुविरहित होता."

नवा कुकर त्याच दिवशी आला. बायको आता घरीच असते. माझं ताट तेवढं बाल्कनीत वाढते, कुंडीशेजारी.