साहेबांची हिरवळ

साहेब निवृत्त झाले, पण त्यांचा साहेबपणा काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. हाताखाली माणसं उरली नव्हती, उरली होती ती घरापुढची हिरवळ. वसाहतीत दर वर्षी हिरवळीची स्पर्धा व्हायची आणि दर वर्षी शेजारचे दातांचे डॉक्टर कप उचलून, दुसऱ्यांचे जपता जपता स्वतःचे सगळे दात दाखवायचे. साहेबांना तो कप हवा होता. आयुष्यात इतक्या मनापासून त्यांना कधी बढतीही हवी नव्हती.

आड येत होतं एक बारीक पानांचं, जमिनीलगत पसरणारं तण. साहेब दर वर्षी तणनाशकाची बाटली घेऊन रोपट्यारोपट्यावर फवारा मारायचे. बरीचशी मरायची, चार-दोन उरायची. पुढच्या वर्षी साहेब पुन्हा तीच बाटली काढायचे.

साहेबांची मुलगी तणांवरच संशोधन करत होती. म्हणजे लोक लांबून तिचा सल्ला घ्यायला यायचे. घरात अर्थातच पिकतं तिथं विकत नाही.

"बाबा, दर वेळी तेच औषध नका मारू."

"का? मरतात की बरीचशी!"

"मेलेल्यांचं सोडा. उरतात ती कोण?"

"नशीबवान."

"औषध पचवायची ताकद त्यांच्या जनुकांतच असते. बाकीची तुम्ही मारता, मग बी पडतं ते ह्यांचंच. आणि पोरांना पसरायला जागाही तुम्हीच मोकळी करून देता."

"म्हणजे माझ्या औषधाची त्यांना सवय झाली?"

"सवय नाही हो! न मरणाऱ्यांची वंशवेल वाढतेय."

"अहो, तुमच्या ऑफिसात नाही का झालं?" आतून बाईसाहेब म्हणाल्या. "मेमोला घाबरणारे बदली घेऊन गेले. उरले ते मेमोच्या पाठीवर फुली-गोळा खेळणारे."

"म्हणून मी मेमो देणं थांबवलं का?"

"नाही ना. तेच म्हणतेय मी."

"त्यापेक्षा खुरपं घ्या आणि उपटा," मुलगी म्हणाली. पण ज्या माणसापुढे लोक उभे राहायचे, तो तणापुढे गुडघे टेकणार होय? शिवाय साहेब डॉक्टरांना कुंपणावरून सांगून बसले होते, "यंदा कप तुमच्या कपाटातून काढून ठेवा." आता माघार म्हणजे नाक कापून घेणं. साहेबांनी प्रशासकीय उपाय केला. औषध दुप्पट घेतलं आणि सबंध हिरवळीवर मारलं.

औषध उत्तम होतं. आठवडाभरात गवत पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, मग गेलं. कडेची फुलझाडंही गेली. तण तेवढं राहिलं. गर्दी हटल्यावर ऐसपैस बसावं तसं ते पसरलं आणि स्पर्धेपर्यंत त्याने सगळं अंगण व्यापलं.

साहेब पडद्याआडून बघायचे. जेवणात लक्ष लागेना. बाईसाहेबांना एकदा खरंच त्यांची दया आली, म्हणून त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. स्पर्धेच्या सकाळी साहेबांनी गवत कापायचं यंत्र काढलं आणि निदान मरण तरी नीटनेटकं यावं म्हणून तण एकसारखं कापलं.

परीक्षक नामांकित उद्यानरचनाकार होते, म्हणजे झाडं सोडून सगळं त्यांना कळत होतं. ते फाटकातच थबकले.

"वा! एवढी एकसारखी हिरवळ! जात कुठली ही?"

साहेबांनी कापायचं यंत्र पायाने मागे सरकवलं. "इथंच... तयार झालीय."

"बाबांनी केलीय," मुलगी म्हणाली. "कितीतरी वर्षं निवड करत होते."

"फवारणीचा त्रास होतो का हिला?"

"कितीही मारा," साहेब म्हणाले. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

शेजारच्या हिरवळीत परीक्षकांना कुंपणाच्या कडेने काहीतरी परकं उगवलेलं दिसलं आणि डॉक्टरांचे गुण कापले गेले. कप साहेबांना मिळाला. तो छातीशी धरताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात ढोंग अजिबात नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. आज एकही दात दिसत नव्हता.

"साहेब, हरलो. मूठभर बी द्या की मला. वसाहतीत सगळेच मागताहेत."

साहेब मोठ्या मनाने उठणार, तोच बाईसाहेब म्हणाल्या, "बसा हो. डॉक्टर, मागायची गरजच नाही. आमच्याकडे ते घरपोच असतं. तुमच्या कुंपणाकडेला उगवलंय ना, तेच हे."

"ते?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो, त्याच्यापायी तर माझा कप गेला! आत्ताच मी सगळ्या हिरवळीवर दुप्पट औषध मारून आलो!"

मुलीने पदराआड हसणाऱ्या आईकडे बघायचं टाळलं.

"अभिनंदन," साहेब शेवटी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले. "पुढच्या वर्षीचा कप तुमचाच."